शांतवन ओहोळ रागावत नाही

५ मार्च, भस्म बुधवार
आजपासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. ईस्टरपर्यंत रागवायचं नाही. कोणी उद्धटपणे बोलो, ढकलो, कानाशी हॉर्न वाजवो, उलट उत्तर द्यायचं नाही. मटण काय, कोणीही सोडतं. मी राग सोडतोय.

कारण असं. संध्याकाळच्या उपासनेनंतर पास्टर रणभिसेंनी मला बाजूला घेतलं. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा पहिला उद्गार माझ्याकडे. पहिला म्हणजे क्षमेचा, खिळे ठोकणाऱ्यांना माफ करण्याचा. पंधरा मिनिटं. इतकी वर्षं मला पाचवा देत होते, तहानेचा. तहानेवर माणूस किती बोलणार? असो. पास्टरना शेवटी कळलं.

विषय तिथल्या तिथे ठरवला : आधुनिक समाजातील उद्धटपणा आणि ख्रिस्ती प्रतिसाद. या विषयावर अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्याएवढा अनुभव कोणाला नाही. कंपनीत, सोसायटीत, सिग्नलला, खुद्द चर्चमध्ये, मी रोज सहन करतो. आजचंच बघा. कपाळाला राख लावायच्या रांगेत एक बाई मध्ये घुसली. राखेच्या रांगेत! पश्चात्तापाचीसुद्धा घाई.

निश्चय उद्यापासून लागू. आज वॉचमनला बोलून झालंय.

६ मार्च, गुरुवार
कंपनीची बस चिखलीहून सुटली आणि निरंजनने मोबाइल काढला. निरंजन म्हणजे क्वालिटीतला पोरगा. रील्स. फुल आवाज. कुत्रा पडला, हा हसतो. नवरी पडली, हा हसतो. चाकण येईपर्यंत जगातलं कोणी उभं राहत नाही.

उलट बोललो नाही. फक्त त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिलो. मोशी गेलं तरी बघत होतो. शेवटी त्याने विचारलं, काका, चक्कर येतेय का?

हरकत नाही. बी पेरलंय.

९ मार्च, रविवार
चर्चहून येताना स्पाइन रोडला एक जण राँग साइडने आला आणि वर माझ्याकडेच रागाने बघायला लागला. मी काच खाली केली, त्याला आशीर्वाद दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने दिला. जयमाला म्हणाली, आशीर्वाद असा देतात का, तो माणूस घाबरला. बायकोला साक्ष देण्यातलं काही कळत नाही. 'साक्ष देण्यातील धाडस' हा मुद्दा भाषणात घ्यायचा.

११ मार्च, मंगळवार
निरंजनला इअरफोन भेट दिले. नवे, चांगल्या कंपनीचे. जो त्रास देतो त्याचं भलं करायचं, हाच तर ख्रिस्ती प्रतिसाद. आत हेतू काहीच नाही. तो एकदम हळवा झाला. काका, माझ्या वाढदिवसाला घरच्यांनी पण काही दिलं नाही, म्हणाला. लगेच कानात घातले.

शांतता. कुरुळीपर्यंत स्वर्ग.

मग तो गायला लागला. कानात गाणं असल्यामुळे स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही. अख्ख्या बसला येतो.

१४ मार्च, धुळवड
सोसायटीतल्या पोरांनी माझ्या पांढऱ्या गाडीवर रंग टाकला. जाणूनबुजून. आयांनी गॅलरीतून बघितलं आणि हसल्या. या असल्या आया! मी एक शब्द बोललो नाही. टेरेसवरच्या नळाची किल्ली माझ्याकडे असते. पोरं रंग धुवायला पाणी मागायला आली तेव्हा ती किल्ली मला सापडत नव्हती, एवढंच.

दुपारी चारला सापडली.

१८ मार्च, मंगळवार
आज बसमध्ये छोटासा प्रसंग. नोंद करून ठेवतो, भाषणात उदाहरण म्हणून चालेल.

कँटीनच्या कंत्राटदाराचा टेंपो बंद पडलाय, म्हणून एचआरने कँटीनच्या बायकांना आठवडाभर आमच्या स्टाफ बसमध्ये बसवायचं ठरवलं. कोणाला विचारलं? मला नाही. बसमध्ये चढतो तर ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट, जिथे मी बस सुरू झाल्यापासून बसतो, तिथे शालनबाई. कँटीनमध्ये भांडी घासणारी. मांडीवर पिशवी, डोकं खिडकीला टेकलेलं, डोळे मिटलेले. माझ्या सीटवर झोप!

मी एकच वाक्य बोललो. बसच्या नियमांबद्दल. सौम्यपणे, पण ठाम. ती उठली आणि दांड्याला धरून चाकणपर्यंत उभी राहिली. मागे जागा होती, पण बसली नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

सौम्य शब्दाचा परिणाम असा होतो. राग अजिबात आला नाही. निश्चय शाबूत.

१९ मार्च, बुधवार
चमत्कार! बसमध्ये पूर्ण शांतता. निरंजन गायला नाही. रील्स नाहीत, गप्पा नाहीत, मागच्या सीटवरचा पत्त्यांचा डावसुद्धा नाही. सगळे खिडकीबाहेर बघत होते. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, त्यामुळे बॅग ठेवता आली.

दोन आठवड्यांत एका माणसाच्या उदाहरणाने अख्खी बस बदलते. पास्टरना सांगायला हवं.

शालनबाई दिसली नाही. एकदा सांगितलेलं कळतं काही लोकांना.

२२ मार्च, शनिवार
बस अजून शांत. मात्र कँटीनचा दर्जा घसरलाय. बाकीच्यांना वाढताना बायका म्हणतात, अजून घ्या ना सर. माझ्या ताटात एकीने भाजी आपटली. पळीचा आवाज आला. चहा मागितला तर संपला म्हणाली, आणि माझ्या मागच्याला दिला! मी मनातल्या मनात म्हटलं, हे प्रभो, या बाईला माफ कर. मग जरा मोठ्याने म्हटलं, तिला ऐकू जावं म्हणून. तिने पातेल्यावर झाकण घातलं. आपटूनच.

नवा मुद्दा : सेवा क्षेत्रातील उद्धटपणा.

२७ मार्च, गुरुवार
आज मात्र हद्द झाली.

सकाळी स्टॉपवर वेळेवर पोहोचलो. बस नाही. वाट बघितली. बस नाही. ड्रायव्हरला फोन केला तर म्हणाला, साहेब, हायवेचं काम चालू आहे म्हणून आजपासून पंधरा मिनिटं आधी निघतो, ग्रुपवर टाकलंय ना. ग्रुपवर काही नव्हतं. शेअर रिक्षा, मग दुसरी शेअर रिक्षा, तिच्यात ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर बसून चाकणला गेलो. हाफ डे लागला. मी डिस्पॅच सुपरवायझर! माझ्यावाचून गाड्या सुटत नाहीत. आज सुटल्या.

दुपारी निरंजनला गाठलं. कोणता ग्रुप? तो खाली बघायला लागला. नवा ग्रुप केलाय, म्हणाला. जुन्यात तुम्ही आहात म्हणून.

मी कारण विचारलं. शांतपणे विचारलं. आजूबाजूचे लोक कामं सोडून जमले ते त्यांच्या स्वभावामुळे.

तो म्हणाला, "काका, नऊ दिवस तुमच्याशी बसमध्ये कोणी बोललेलं नाही. तुम्हाला खरंच कळलं नाही? शालनबाईंना तुम्ही काय बोललात ते सगळ्यांनी ऐकलंय."

मी म्हटलं, बसच्या नियमांबद्दल बोललो. तो म्हणाला, नाही. आणि माझंच वाक्य मला म्हणून दाखवलं, माझ्याच आवाजात : "ही स्टाफची बस आहे, भांडी घासणाऱ्यांची नाही. ऊठ, अंगाला वास येतोय तुझ्या."

शब्द साधारण ते असतील. पण टोन तसा नव्हता. टोन लक्षात घेत नाही कोणी. आणि मी दिलेले इअरफोन कानात असून याला ऐकू कसं आलं?

३० मार्च, रविवार
कोणीतरी जयमालाला सांगितलं. कंपनीतल्या गोष्टी घरापर्यंत नेणारे लोक हाही एक मुद्दा आहे.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी क्षमा केली असती. मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "गावाकडे बाजाराच्या जीपमधून तुमच्या वडिलांना हेच बोलून उतरवलं होतं ना? वास येतो म्हणून. दर नाताळला तुम्ही सांगता. सांगताना रडता."

मी म्हटलं, तो प्रसंग वेगळा होता. त्या वेळी समाज आधुनिक नव्हता.

त्यावर ती मेथी घेऊन आत गेली. भाषणाची तालीम ऐकणार नाही म्हणून आतून सांगितलं. जेवायला वाढलं, पण अजून घ्या म्हणाली नाही. वडिलांचा विषय मध्ये आणायची काही गरज नव्हती. दुपारभर डोकं तापलेलं होतं. राग नव्हे. ऊन आहे.

३ एप्रिल, गुरुवार
मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं. चूक नसताना नमतं घेणं, हाच खरा ख्रिस्ती प्रतिसाद. अर्धा किलो पेढे घेतले आणि कँटीनच्या सुपरवायझरकडे दिले. शालनबाईला द्या, ओहोळ साहेबांकडून म्हणून सांगा, म्हटलं.

तो म्हणाला, ती सोडून गेली. स्टाफ बसमध्ये चढेना. दोन रिक्षा बदलून यायची, तीनदा उशीर झाला, कंत्राटदाराने खाडे लावले. चौथ्या दिवशी आलीच नाही.

म्हणजे तिला कामावरून घालवणारा कंत्राटदार आहे. हे लोकांना दिसत नाही. लोकांना एक माणूस लागतो बोट दाखवायला! संताप येतो असल्या अन्यायाचा. येत नाही, पण आला असता.

पेढे सुपरवायझरने ठेवून घेतले. द्यायचं ते माझ्याकडून देऊन झालं. क्षमेचा विषय माझ्या बाजूने संपला.

९ एप्रिल, बुधवार
भाषण लिहून पूर्ण. उत्तम झालंय. 'एका सद्गृहस्थाची बसमधील जागा एका श्रमिक भगिनीने घेतली असता' इथून उदाहरण सुरू होतं. पुढे तो सद्गृहस्थ स्वतःहून तिच्याकडे मिठाई पाठवतो, या ठिकाणी मंडळीतल्या बायकांचे डोळे भरून येतील. उद्धट वाक्य भाषणात नाही. चर्चमध्ये असली भाषा बरी दिसत नाही.

आरशासमोर म्हटलं. चौदा मिनिटं होतात. एक मिनिट शांततेसाठी.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर पास्टरना भाषणाचा सारांश सांगितला. हातात झावळी, डोक्यावर ऊन, आजूबाजूला पोरं झावळ्यांनी एकमेकांना मारतायत आणि त्यांचे आईबाप मोबाइलमध्ये. तरी सांगितला.

पास्टरनी सगळं ऐकलं. मग विचारलं, तो सद्गृहस्थ तुम्हीच ना? मी हसलो. पुढे विचारलं, त्या बाईंना भेटलात का?

पेढे पाठवले होते, म्हटलं.

"भेटून या, ओहोळ. मग बोला."

पास्टरांचं म्हणणं मला पटलं. भाषणाला तसा शेवट नव्हताच. भेट झाली, तिने हात जोडून माफ केलं, असा शेवट आला की पंधरा मिनिटं बरोबर भरतात.

१६ एप्रिल, बुधवार
निरंजनकडे शालनबाईचा पत्ता मागितला. तो म्हणाला, चिखलीतच आहे. वर्कशॉपच्या गल्लीत एक मेस आहे, तिथे भांड्याला लागलीय. इथल्यापेक्षा पगार कमी. पीएफ नाही.

मग म्हणाला, काका, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, हे काम एकट्याने करायचं असतं. साक्षीदार असता तर भाषणात बरं पडलं असतं, पण हा मध्येच गायला लागेल.

१७ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी सात
पेन दाबलं गेलं म्हणून पानाला भोक पडलंय. हा राग आहे. लिहून टाकतो, हा राग आहे!

पाच वाजता गेलो. इस्त्रीचा शर्ट. खिशात भाषण. मेसच्या मागच्या बाजूला मोरी. शालनबाई पाटावर बसून एवढं मोठं पातेलं घासत होती. मला बघितलं, ओळखलं, आणि घासत राहिली. बसा म्हणाली, पण बसायला काही नव्हतं.

उभ्यानेच सुरुवात केली. म्हटलं, त्या दिवशी बसमध्ये जे झालं, त्यामुळे तुम्हाला जर वाईट वाटलं असेल, तर...

"जर म्हंजे?"

मी खिशातला कागद चाचपला.

"वाटलं आसंल तर म्हंजे काय? वाटलं का न्हाई, ते तुमाला ठाव न्हाई व्हय?"

मध्ये तोडणं! मी तरी शांतपणे पुढे गेलो. लेंट म्हणजे काय ते सांगितलं. माझा निश्चय सांगितला. पेढ्यांचं सांगितलं. ते मला मिळालं न्हाईत, म्हणाली. मग गुड फ्रायडेचं सांगितलं, की क्षमा हा आमच्याकडे फार मोठा विषय आहे, उद्या मला चर्चमध्ये त्यावरच बोलायचं आहे.

तिने घासणी खाली ठेवली. हात पदराला पुसले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हंजे उद्या तुमचं भाषण हाय, म्हणून आज आलात."

तसं नाही, म्हटलं.

"तसं न्हाई ना? मग परवा या."

आणि पुन्हा पातेलं ओढलं.

एवढंच! मी शर्टाला इस्त्री करून गेलेला माणूस. माझ्या वयाचा तरी मान? मी म्हटलं, अहो, मी माफी मागायला आलोय. तर म्हणाली, "मागा की. परवा मागा. मी कुटं जातीय?" आत मेसवाला हसला. मला ऐकू आलं.

घरी येऊन पास्टरना फोन लावला. म्हटलं, बघा, मी गेलो, पण समोरचं मन किती कठीण असतं. याचंच उदाहरण उद्या देणार आहे. माफी दारात आली आणि तिने परत पाठवली.

पास्टर म्हणाले, "मग तुम्ही परवा जा. उद्या पहिल्या उद्गारावर इंदुताई बोलतील."

मी म्हटलं, आयत्या वेळी इंदुताई कशा तयारी करणार? संडे स्कूलच्या बाई त्या, पोरांना गोष्टी सांगतात.

पास्टर म्हणाले, त्यांना मी रविवारीच सांगून ठेवलंय.

रविवारीच! झावळ्या हातात होत्या तेव्हाच! ही पद्धत झाली? पाळक असून? दार आपटलं. दोनदा आपटलं, पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं. जयमाला बाहेर आली, दार उघडून पुन्हा हळू लावलं, आणि आत गेली.

उद्या चर्चला जाणार नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
गेलो. न जाऊन काय करणार, लोकांनी विचारलं असतं.

तिसऱ्या बाकावर बसलो. पत्रिकेत पहिल्या उद्गारासमोर माझं नाव छापलेलं होतं आणि त्यावर पेनाने रेघ. हाताने मारलेली. प्रत्येक प्रतीवर. कोणीतरी बसून दोनशे प्रतींवर माझं नाव खोडलं.

इंदुताई सात मिनिटं बोलल्या. पंधरा मिळत असताना! 'आधुनिक' शब्द एकदाही नाही. समाजाचा उल्लेख नाही. मुद्दे नाहीत. खिळे ठोकणाऱ्यांनी माफी मागितलीच नव्हती, म्हणाल्या, त्यांना तर ते काय करतायत हेच कळत नव्हतं. आणि खाली बसल्या. चुका काढायला मी कागद काढून बसलो होतो. कागद तसाच आहे.

मागे कोणाचा तरी मोबाइल वाजला. वळून बघितलं नाही.

बाकीचे सहा उद्गार ऐकले. तीन तास. उपाशी. कोणी येऊन विचारलं नाही की तुम्ही का बोलला नाहीत. एकानेही नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

१९ एप्रिल, शनिवार
सुट्टी टाकली. शर्ट कालचाच. खिशात काही नव्हतं.

मेसच्या मागे शालनबाई होत्या. आज कुकर. दहा-बारा होते, काळे झालेले. मला बघून म्हणाल्या, "आलात व्हय."

रिक्षात वाक्य तयार केलं होतं. चांगलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच : माझं चुकलं.

पुढचं वाक्य येईना. त्यांनी वाट बघितली. मीही बघितली. नळ चालू होता.

मग मी म्हटलं, मी तुम्हाला म्हणालो, वास येतो. माझ्या बापाला कोणीतरी तसं म्हणालं होतं.

त्या म्हणाल्या, "मग तुमाला ठाव हुतं."

हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माफीची नव्हे, नुसती. कंत्राटदाराशी बोलतो, तुमचं काम परत मिळवून देतो, असं मी म्हटलं. "त्या बशीत मी न्हाई यायची," म्हणाल्या. "हितं घराजवळ हाय. पैसं कमी हायत, पण उभं ऱ्हावं लागत न्हाई." आणि कुकर विसळायला घेतला.

मी तिथेच. निघावं की थांबावं कळेना. शेवटी विचारलं. लाज सोडून विचारलं, माफ केलंत का?

"बघू," म्हणाल्या. "सरका जरा, पानी उडंल."

सरकलो. तरी उडालं.

घरी आलो. उद्याचा ईस्टर म्हणून जयमाला केकचं सामान काढत होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं.

बघू म्हणाल्या, असं सांगितलं.

तिने माझ्यापुढे अंडी ठेवली आणि म्हणाली, फेटा.